मदत हवी आहे : 'द पॉवर ऑफ द डॉग'मधला चेलो, बेसूर पियानो आणि हॉर्न घरी कसे जमवायचे?

रानवारा

नमस्कार मंडळी. २२ मिनिटांच्या एका लघुपटाचं पार्श्वसंगीत करायला घेतलंय. दिग्दर्शकाने नमुना म्हणून जेन कॅम्पियनच्या 'द पॉवर ऑफ द डॉग' (२०२१) या वेस्टर्नचं संगीत दिलंय, जॉनी ग्रीनवुडने केलेलं. चाल उचलायची नाहीये, त्या आवाजांचा पोत हवाय. तीन ठिकाणी अडलंय.

१) चेलो बोटांनी छेडला की बँजोसारखा कोरडा, टोकदार आवाज येत नाही. बास गिटारसारखं 'धब्ब' होतं. लय वाढवली की स्वर एकमेकांत कालवले जातात.

२) बेसूर पियानोसाठी सॅम्पल पियानोवर कोरस लावून पाहिला, सगळा पियानो २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली उतरवूनही पाहिला. ऐकताना इफेक्ट लावलाय हे लगेच कळतं, पियानो मोडकळीला आलाय असं काही वाटत नाही.

३) फ्रेंच हॉर्नचे लांब स्वर सॅम्पलमधून घेतले की सिंथसारखे लागतात.

हाताशी आहे ते असं : पूर्ण आकाराचा चेलो, स्टीलच्या तारा, एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माइक, दोन चॅनलचा इंटरफेस, रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर. खोली १२ बाय १० फूट. पडदे आणि गादी आहे, बाकी ध्वनिशोषक काही नाही. वादक बोलवायचे तर एखाद-दुसऱ्यापुरतं बजेट आहे.

तारयंत्र

आधी हे संगीत कसं रचलंय ते बघा, पुढचे बरेच निर्णय त्यावरून सुटतील. गोष्ट १९२५ च्या माँटानात घडते, चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालंय. फिल आणि रोझ ही त्यातली मुख्य पात्रं. पडद्यावर फिल बँजो वाजवतो आणि रोझ पियानोवर राडेट्स्की मार्चचा सराव करते. पार्श्वसंगीत याच दोन वाद्यांतून निघतं, पण दोन्ही वाद्यं जागेवरून सरकवलेली आहेत. बँजोचं बोटांचं तंत्र चेलोवर आलंय. रोझच्या पियानोच्या जागी संगणकाने चालवलेला, सूर बिघडवलेला यांत्रिक पियानो, म्हणजे पियानोला, आलाय. शिट्टी, ट्रेमोलो गिटार, घोड्याच्या टापांचा ठेका असं काहीच नाही. करोनामुळे मोठा वाद्यवृंद जमवणं शक्य नव्हतं, म्हणून चेलोचे बरेचसे थर ग्रीनवुडने स्वतः एकावर एक वाजवून रचले. तेव्हा खोलीत बसून एकट्याने हे करणं ही तडजोड समजू नका, मूळ काम बऱ्याच अंशी तसंच झालंय.

आता तुमचा 'धब्ब'. बँजोला ताणलेला पातळ पडदा आणि हलकी घोडी असते. तारेतली शक्ती त्यातून झटकन बाहेर पडते, म्हणून आघात मोठा आणि स्वर आखूड. चेलोची तार जड, घोडी जड. त्यात शास्त्रीय पिझ्झिकाटोत, म्हणजे गजाऐवजी बोटाने छेडताना, आपण बोटाच्या गादीने, फिंगरबोर्डच्या वर छेडतो, म्हणजे वरचे स्वरांश आपणच दाबून टाकतो. उपाय असे :

फिंगरबोर्डचं टोक आणि घोडी यांच्यामध्ये साधारण १० सेंमी मोकळी तार असते. तिथे घोडीपासून ६-७ सेंमीवर छेडा. ही गजाची जागा असल्यामुळे तारेवर राळ साचलेली असते, बोट चिकटतं आणि लय अडखळते. आधी कोरड्या सुती कापडाने तार पुसून घ्या. स्पिरिट किंवा अल्कोहोल वापरू नका, थेंब जरी खाली पडला तरी पॉलिश उडतं.

बोटाच्या गादीऐवजी नख किंवा नखालगतची कडा वापरा. बँजोवाले धातूचे फिंगरपिक घालतात, ते चेलोवर नकोत, तारेचं वेढण सोलून निघतं. सतारीची नखी नको तीही याच कारणाने. गिटारचा पातळ प्लास्टिकचा अंगठ्याचा पिक चालेल.

डाव्या हाताची बोटं नखाजवळच्या टणक भागाने, पक्की दाबा. सैल दाबलेली तार लगेच मरते आणि शेजारची मोकळी तार गुंजत राहते, कालवाकालव होते ती इथे. मोकळी तार ठरवून वाजवायची तेव्हाच वाजवा. एरवी डाव्या हाताचं रिकामं बोट तिच्यावर टेकलेलं असू दे.

तरीही स्वर लांबत असेल तर घोडीच्या अगदी लगत, तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा : १ सेंमी रुंद, ३-४ मिमी जाड. यापेक्षा जाड घेतली तर पुन्हा 'धब्ब'. घोडीवर बसवायची सरावाची रबरी म्यूट मात्र वापरू नका. आपल्याला स्वर आखूड करायचाय, झळाळी घालवायची नाहीये, आणि ती म्यूट नेमकी झळाळीच खाते.

रानवारा

हे फारच उपयोगी आहे. पण बँजोची बोटं चेलोवर बसवायची कशी? घोडीला कमान असल्यामुळे हात फिरत नाही.

तारयंत्र

चारही तारांवर फिरवूच नका. बँजोची घोडी सपाट असते, चेलोची कमानदार, त्यामुळे टोकाच्या तारा खालच्या पातळीवर जातात. सीची तार सोडून द्या, जी-डी-ए या तीनच वापरा. स्पाइक (खालचा टेकूचा दांडा) पूर्ण आत घालून चेलो गिटारसारखा मांडीवर आडवा घ्या. अंगठा जीवर, तर्जनी डीवर, मधलं बोट एवर. बँजोचा 'फॉरवर्ड रोल' म्हणजे आठ स्वरांचं ३-३-२ असं विभाजन : अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी. वजन प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वरावर. आधी मेट्रोनोम ६० वर ठेवून ठोक्याला दोन स्वर घ्या आणि तिन्ही बोटांचा आवाज सारखा होईपर्यंत लय वाढवू नका. मधलं बोट हमखास कमजोर पडतं.

बँजोच्या नेहमीच्या जी ट्यूनिंगमध्ये तारा जी-डी-जी-बी-डी अशा असतात. पाचवी आखूड तार वरच्या जीची, ती सतत वाजत राहते आणि तीच बँजोची ओळख. चेलोत तसा धरलेला सूर हवा असेल तर एची तार एक पूर्ण स्वर उतरवून जीला आणा. आता मोकळ्या तारा जी-डी-जी, वरचा जी सतत वाजता ठेवता येतो. बाखच्या पाचव्या चेलो सुइटमध्ये हीच तार अशीच उतरवलेली आहे, त्यामुळे वाद्याला धोका नाही : ताण सुमारे २० टक्के कमीच होतो. उलट सीची तार डीला चढवायचा मोह टाळा, तिथे ताण २६ टक्क्यांनी वाढतो. एवढा उतार फाइन ट्यूनरने होणार नाही, खुंटीच फिरवावी लागेल. नंतर घोडी सरळ उभी आहे ना ते बघा आणि चारही तारा दोनदा जुळवा, कारण एक तार सैल झाली की बाकीच्या किंचित चढतात.

ही जुळवणी माझी सूचना आहे, चित्रपटात अशीच वापरली असा अर्थ घेऊ नका.

मुद्रणवाला

चेलोच्या रेकॉर्डिंगबद्दल लिहितो. कंडेन्सर ३०-४० सेंमीवर, घोडी आणि एफ-होल (चेलोच्या पोटावरचं एफ आकाराचं भोक) यांच्या मधोमध रोखलेला. थेट एफ-होलवर रोखलात तर १०० हर्ट्झच्या आसपास गुब्ब होणार, कारण चेलोच्या पोकळीचा स्वतःचा अनुनाद तिथेच आहे.

खोलीचं गणित इथे अगदी विरुद्ध बसतं. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्या लांबीचा पहिला अनुनाद ४७ हर्ट्झला येतो. तो चेलोच्या खाली आहे, त्याची चिंता नाही. दुसरा येतो ९४ला, आणि तुमची जीची मोकळी तार ९८ हर्ट्झची. त्यामुळे जीजवळचे खालचे स्वर फुगणार आणि थर चढवाल तसा फुगवटाही थरावर थर चढणार. माइक लांबीच्या टोकाच्या (आखूड) भिंतीपासून ३ फुटांवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर ठेवा. ९४ चा दाब तिथे सर्वांत कमी असतो. खोलीच्या मध्यावर तो सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक जण खुर्ची मध्यावरच मांडतात.

थरांबद्दल : एकच टेक कॉपी करून उजवी-डावीकडे सरकवला की थर होत नाही, फक्त आवाज वाढतो किंवा फेज बिघडतो. प्रत्येक थर नव्याने वाजवा, दर वेळी खुर्चीचा कोन आणि माइकचं अंतर बदला. गजाने ओढलेल्या लांब स्वरांचे सहा-आठ थर सुंदर बसतात. त्यांतला ५-१० सेंटचा फरक पिच करेक्शनने पुसू नका, समूह वाटतो तो त्या फरकामुळेच. छेडलेल्या चेलोचे मात्र दोनच थर. तिथे आघात टोकदार असतो आणि दोन टेकमध्ये ३० मिलिसेकंदांच्या पुढे फरक गेला की दोन वेगळे ठोके ऐकू येतात. आठ थर रचलेत तर गारा पडल्यासारखं वाजेल.

प्रक्रिया कमीत कमी. ६० हर्ट्झखाली कापा, कारण सीची तार ६५ला आहे, ती राहू दे. कॉम्प्रेसर लावायचाच तर ३:१, अटॅक २०-३० मिलिसेकंद. अटॅक ५वर ठेवलात तर इतक्या कष्टाने मिळवलेलं टोक कॉम्प्रेसरच खाऊन टाकेल.

काळीपांढरी

पियानोचं उत्तर माझ्याकडे. कोरस लावून किंवा सगळा पियानो उतरवून मोडका पियानो होत नाही, कारण खरा पियानो तसा बिघडतच नाही. मधल्या-वरच्या सप्तकांत प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात, खाली दोन, अगदी तळाला एक. पियानो उतरतो तेव्हा या तारा एकमेकींपासून सुटतात आणि स्वराच्या आतच लहरी येऊ लागतात. शिवाय प्रत्येक पट्टी वेगळी बिघडते. हवेतल्या ओलाव्याने साउंडबोर्ड फुगतो-आकसतो, तेव्हा जिथे वेढणाच्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात त्या भागातले स्वर सर्वांत जास्त हलतात. मुंबईत पावसाळ्यानंतर कुठलाही जुना अपराइट उघडून ऐका, लगेच कळेल.

म्हणून पियानोच्या दोन प्रती घ्या. एसएफझेड स्वरूपातलं सॅम्पल असेल तर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक रीजनपुढे 'ट्यून' लिहून सेंटमध्ये आकडा देता येतो. पहिली प्रत सुरात ठेवा. दुसरीत मधल्या दोन सप्तकांना हाताने आकडे द्या, बहुतेक ४ ते १५ सेंट, काही वर, जास्त खाली. दोन-तीनच पट्ट्या ३०-३५ सेंट बिघडवा आणि त्या अशा निवडा की रचनेत वारंवार येतील. काही पट्ट्या दोन्ही प्रतींत तंतोतंत जुळलेल्या राहू द्या. कानाला सूर कुठे आहे हे कळलं तरच बेसूर बोचतो. सगळंच बिघडवलं की अर्ध्या मिनिटात कान त्याला सरावतो.

आकडे देताना हे लक्षात ठेवा : ४४० हर्ट्झच्या एवर १० सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला साधारण अडीच लहरी. एक सप्तक वर तोच फरक पाच लहरी देतो, एक सप्तक खाली सव्वा. म्हणून वरच्या सप्तकात आकडे कमी करा, नाहीतर खेळण्यातला पियानो वाजतो.

दुसरा अर्धा भाग यंत्राचा. पियानोला कागदाच्या रोलवरची भोकं वाचतो. बोटांचं वजन नसतं, भात्याचा दाब सगळ्या स्वरांना जवळपास सारखा लागतो. तेव्हा मिडीतली व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) सपाट करा, सगळं ८०-८५च्या मध्ये. क्वांटाइझ (स्वर ठोक्यावर नेमके बसवणं) शंभर टक्के, ह्युमनाइझ बंद, सस्टेन पेडल नाही. मग चार-सहा स्वरांच्या आकृतीत एखादा स्वर माणसाच्या हाताला न पोचणाऱ्या अंतरावर टाका किंवा एकाच पट्टीची अशक्य वेगाची पुनरावृत्ती करा. कॉनलन नॅनकॅरोने स्वतः रोलला भोकं पाडून रचलेल्या पियानोलाच्या रचना ऐका, या यंत्राचा स्वभाव त्यांत उघडा दिसतो.

पितळी

हॉर्न. सॅम्पल सिंथसारखं लागतं याची दोन कारणं. पहिलं, लांब स्वरात आवाज चढतो तेव्हा खऱ्या हॉर्नचा रंगही बदलतो, तुमचं सॅम्पल बहुधा एकाच पातळीचं लूप आहे. मॉड व्हीलवर डायनॅमिक लेयर असलेलं सॅम्पल घ्या आणि प्रत्येक स्वरावर वक्र हाताने काढा, कॉपी-पेस्ट नको. दुसरं, हॉर्नचा कर्णा मागे वळलेला असतो. श्रोता जे ऐकतो ते बहुतांशी मागच्या भिंतीवरून परतलेलं असतं. माइकसमोर ठेवल्यासारखं कोरडं हॉर्न निसर्गात नाहीच.

बजेट एखाद्या वादकाचं आहे म्हणता, तर ते इथे खर्च करा, पियानोवर नको. फ्रेंच हॉर्न वाजवणारे आपल्याकडे मोजके. लष्करी किंवा पोलीस बँडमधले निवृत्त वादक, किंवा मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या वर्तुळात चौकशी करा. नाहीच मिळाले तर लग्नाच्या बँडमधला युफोनियमवाला बोलवा. त्याची नळीही शंकूसारखी रुंदावत जाते, आवाज गोल आहे. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन नको, त्यांच्या नळीचा मोठा भाग एकाच रुंदीचा असल्याने धार येते. वाद्याचा कर्णा भिंतीकडे राहील असं वादकाला बसवा, माइक वादकाच्या दुसऱ्या बाजूला अडीच-तीन मीटरवर आणि तोही भिंतीकडे वळवलेला. मुद्दाम हळू वाजवायला सांगा. लग्नाच्या वरातीत रस्ता भरेल एवढी फुंक लागते, ती सवय सोडवायला पहिला अर्धा तास जाईल, तेवढा धरून चला.

एकाच वादकाकडून दोन आवाज दोन वेळा घ्या. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर ठेवलं तर घासणं ऐकू येतं : खालचा एफ १७५ हर्ट्झ, जी फ्लॅट १८५, सेकंदाला दहा लहरी. एक जण स्थिर, दुसरा हळूच येऊन मिळणारा. स्वर आठ-दहा सेकंदांचे, श्वास वेगवेगळ्या ठिकाणी.

मुद्रणवाला

पितळी यांच्याशी सहमत, रिव्हर्बबद्दल थोडी भर. हॉर्नला कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेची घुमणी उमटवणारा), तीन-चार सेकंदांचा, प्री-डिले ४०-६० मिलिसेकंद, १५० हर्ट्झच्या खाली आणि ५ किलोहर्ट्झच्या वर कापलेला. त्याहून चांगलं म्हणजे रेकॉर्ड केलेलं हॉर्न रिकाम्या सभागृहात किंवा इमारतीच्या जिन्यात स्पीकरवर वाजवून पाच-सहा मीटरवरून पुन्हा रेकॉर्ड करा. फक्त त्या रिव्हर्बमध्ये चेलो चुकूनही पाठवू नका. या संगीतात चेलो कानाशी आहे, हॉर्न डोंगरापलीकडे आहे आणि मधली जागा रिकामी आहे. सगळं एकाच हॉलमध्ये घातलंत की तेवढीच एक मौल्यवान गोष्ट गेली.

वकिलीपाणी

एक सावधगिरी. दिग्दर्शकाने संकलनात मूळ ट्रॅक तात्पुरता लावला असेल तर महोत्सवाला पाठवण्याआधी तो पूर्ण काढलाय ना ते तपासा. मूळ ट्रॅक ठेवायचा तर दोन परवानग्या लागतात, रचनेसाठी प्रकाशकाची आणि ध्वनिमुद्रणासाठी लेबलची. स्वतः वाजवलात तरी रचनेची लागतेच. तंत्र आणि पोत घेण्याला परवानगी लागत नाही. राडेट्स्की मार्च मात्र योहान स्ट्राउस थोरल्याचा, १८४८चा, त्यावर आता कुणाचा हक्क नाही. स्वतः वाजवून वापरा.

रानवारा

सर्वांचे मनापासून आभार. माइक पाव लांबीवर नेल्यावर जीचा फुगवटा खरंच गेला, आणि स्पंजच्या पट्टीने स्वर सुटे झाले. आता तारयंत्र यांच्या पहिल्या मुद्द्यावर अडलोय. आमच्या गोष्टीत बँजोही नाही, पियानोही नाही. घरात आजोबांची पेटी आहे, डबल रीडची, आणि कथेत ती कुणी वाजवत नाही. मग पियानोलाचा आग्रह सोडून पेटीच बिघडवावी का? पेटी खरी आहे, मालकांना ती परत सुरात द्यायची आहे.

तारयंत्र

नक्की सोडा. पियानोला तिथे आहे तो रोझमुळे. तुमच्या घरात पेटी असेल तर तीच हवी, प्रेक्षकाने ती पडद्यावर पाहिलेली असणार. राडेट्स्कीचाही मग विचार नको.

काळीपांढरी

पेटीचं रीड कानस लावून बिघडवू नका. रीडचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. मेण वापरा. वरची फळी काढा, रीडबोर्ड बाहेर घ्या आणि नर रीडच्या (खर्जाच्या रीडहून वरच्या सुराची) मोकळ्या टोकावर मधमाशीचं मेण मोहरीच्या दाण्याहूनही कमी लावा. टोकाचं वजन वाढलं की सूर उतरतो. खर्जाची रीड तशीच सुरात ठेवा, म्हणजे एकाच पट्टीत दोन रीड एकमेकींशी भांडतील. पियानोत दोन प्रतींनी करत होतो तेच इथे खरोखर होईल. वरच्या सप्तकातली रीड लहान असते, तिथे मेणाचा कण निम्म्याहून कमी घ्या, नाहीतर ती बोलणारच नाही. मेण रीडच्या कडेला ओघळलं तर रीड चौकटीला घासून खरखरते. तेवढं लाकडी काडीने काढा, धातूने नको.

लावण्याआधी प्रत्येक रीडचा सूर ट्यूनरवर बघून कागदावर सेंटमध्ये लिहून ठेवा. काम झालं की मेण काडीने खरवडून मऊ कोरड्या ब्रशने साफ करा आणि त्याच आकड्यांशी ताडून पाहा.

वाजवताना भाता फार हळू सोडा. दाब कमी असताना रीड उशिरा बोलते, कधी एकच बोलते आणि दुसरी मागून येते. तो विलंब ठेवा, संकलनात कापू नका. माइक वरून ५० सेंमीवर, डायनॅमिक चालेल. भात्याची फुसफुस त्रास देत असेल तर माइक भात्याच्या विरुद्ध बाजूला न्या. नॉइज रिडक्शन लावलंत तर रीडच्या सुरुवातीचा श्वासही जाईल, आणि तोच तर हवाय.